लाल कार्डवाल्यानं वाढायचं

अकोल्याच्या फायनलमध्ये, सामना चालू असताना, मी बाकावरून उठून मैदानात घुसलो आणि लाथ घालून माझ्याच कॅप्टनचा पाय मोडला.

मी त्या संघाचा कोच होतो. लपवण्यात अर्थ नाही, कारण अमरावतीच्या राजापेठेत ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर तो तुकडा आहे. कोण्या रिकामटेकड्यानं तो संथ गतीचा करून घेतलाय. त्यात मी डबक्यात शिरणाऱ्या म्हशीसारखा येतो, शर्ट पोटावरून वर सरकतो, तोंड उघडं असतं, आणि मग कडकन आवाज. तो आवाज मात्र त्यांनी तसाच ठेवलाय. मी भाजी आणायला निघालो की पानठेल्यावरचे पोट्टे माझ्याकडे पाहून तोंडानं तो आवाज काढतात.

कसं झालं ते सांगतो. पण थोडं मागे जावं लागेल, कारण त्या लाथेची तालीम मी फार वर्षं केली होती.

मी फुटबॉल खेळायचो असं अमरावतीत कोणी म्हणत नाही. मी फुटबॉलमध्ये ‘होतो’ असं म्हणतात, एखादा माणूस दंगलीत होता म्हणावं त्या सुरात. सुरुवात आखाड्यातून झाली. तिथून वस्तादांनी मला हाकललं, कारण कुस्तीत चावायचं नसतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बाजूच्या मैदानावर फुटबॉल चालायचा. तिथल्या कोचनं माझ्या मांड्या पाहिल्या, मला बॉल मारायला लावलं, बॉल कुठे गेला ते पाहिलं आणि म्हणाला, “याले खेळता येत नाही. पर हा दुसऱ्याले खेळू देनार नाही. मागं उभा करा.”

मागं म्हणजे स्टॉपर. आपल्या गोलसमोर उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्या फॉरवर्डला थांबवायचं. कसं थांबवायचं हे त्यांनी माझ्यावर सोडलं.

माझ्या पहिल्याच सामन्यात एकाचं नाक पिकल्या सीताफळासारखं फुटलं. दुसऱ्या सामन्यात एकाची बरगडी गेली. तेल्हाऱ्याच्या टुर्नामेंटमध्ये तर मी एकाला असा उचलून टाकला की तो मैदानाबाहेर बसलेल्या त्याच्याच काकाच्या मांडीत जाऊन पडला. काका उठले. काकांबरोबर सगळं गाव उठलं. ती जमीन काळी, उन्हाळ्यातली, तिची ढेकळं विटेसारखी कडक. आमचा संघ ती ढेकळं पाठीवर झेलत एस. टी. स्टँडपर्यंत पळाला. माझ्या डोक्याला पडलेली खोक अजून आहे. न्हावी दर वेळी विचारतो आणि मी दर वेळी निराळी गोष्ट सांगतो.

आता अमरावती-अकोला सामन्याचा एक रिवाज सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दरवर्षी हा सामना झाला की दोन्ही संघ मैदानामागच्या कडुनिंबाखाली एका पंगतीत जेवतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. आणि ज्याला लाल कार्ड मिळालं असेल, त्यानं वाढायचं. ज्याला त्यानं मारलं, त्याला सगळ्यात आधी. मार खाल्लेल्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला, म्हणजे पोट भरलं आणि भांडणही मिटलं. मग वाढणाऱ्यानं बसायचं. हात आडवा येईपर्यंत वाढत राहायचं, वाकत राहायचं, आणि स्वतः उपाशी.

कोणी सुरू केलं माहीत नाही. ज्यानं केलं त्यानं बहुतेक मला डोळ्यांसमोर ठेवून केलं असणार. अकोल्याच्या एका अख्ख्या पिढीनं माझ्या हातचे रोडगे खाल्लेत. माझ्या लग्नात अकोल्याचे लोक आले, तेव्हा पंगतीत एकानं मला, नवरदेवाला, हाक मारली, “ओ, इकडं वरन!” मी मुंडावळ्या सावरत उठलोसुद्धा होतो.

त्यांचा एक फॉरवर्ड होता. बारीक, वेताच्या छडीसारखा, आणि तोंडाचा फाटका. तो पळता पळता बोलायचा. “काय बे पहिलवान, दम लागला का? उसाचा रस पेतं का?” एका कॉर्नरच्या वेळी मी हवेत उडालो आणि उतरताना माझं कोपर त्याच्या तोंडावर उतरलं. समोरचे दोन दात मातीत पडले. मला लाल कार्ड. संध्याकाळी पंगतीत तो सुजलेलं तोंड घेऊन बसला. रोडगा चावता येईना. मला म्हणाला, “चुरून दे.” मी वरणात रोडगा चुरून दिला. “अजून बारीक.” मी अजून बारीक चुरला. रक्ताचा थेंब पडून त्याचं वरण लाल होत होतं आणि तो गिळत होता. सगळी पंगत उठून हात धुऊन आली तरी त्यानं हात आडवा धरला नाही. शेवटी धरला तेव्हा भांड्यात माझ्यासाठी काही उरलं नव्हतं. तो हसला. त्या हसण्यातली खिडकी मी केलेली होती.

पुढच्या वर्षी त्यानं माझा गुडघा मोडला.

बॉल माझ्यापाशी होता, मी तो मारायला पाय टेकवला आणि तो बाजूनं दोन्ही पायांनी आला. वाळली पऱ्हाटी गुडघ्यावर धरून मोडावी तसा आवाज झाला. कपाशी निघाल्यावर शेतात उरणारे ते दांडके वऱ्हाडात चुलीत घालतात. तो आवाज प्रत्येकाच्या कानात असतो. माझी नडगी एका दिशेला होती आणि मी दुसऱ्या. मला वाटलं त्यानं ते दातांसाठी केलं. तो नंतर म्हणाला, “दातासाठी नाही बे. तू चुरताना रोडग्यात बोट घातलं होतं.”

त्या संध्याकाळी दवाखान्यात न्यायच्या आधी मला खाटेवर टाकून पंगतीपाशी आणलं. रिवाज. तो वाढत होता. गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, घाम पाझरतोय, आणि मी खातोय. एक रोडगा, अजून एक, अजून भाजी. त्याला वाकवायचं होतं ना! हात आडवा धरलाच नाही. शेवटी मला भडभडून ओकारी झाली, तीही त्याच्या बुटांवर. तो म्हणाला, “झालं का तुह्यं?” आणि त्यानंच माझा हात उचलून पत्रावळीवर आडवा ठेवला.

माझा खेळ तिथे संपला. त्याचाही फार चालला नाही. आणि मग व्हायचं तेच झालं: तो अकोल्याचा कोच झाला, मी अमरावतीचा.

कोच म्हणून माझी विद्या एवढीच होती की बॉल गेला तर जाऊ द्यावा, त्याच्यामागचा माणूस जाऊ देऊ नये. सरावाला मी शिट्टी आणायचो नाही, पऱ्हाटी आणायचो. पोरांना रांगेत उभं करायचं आणि नडग्यांवर सपासप मारत जायचं. ज्याचा पाय हलला त्याला पुन्हा. नडगी कडक झाली पाहिजे. पायाला बांधायची पॅडं मला मान्य नव्हती. नियमानं घालावी लागतात म्हणून घालायची, पण मी कैचीनं त्यांचा वरचा निम्मा भाग कापून टाकायला लावायचो. पाय हलका राहतो म्हणे. हे ‘म्हणे’ माझंच होतं.

माझ्या संघाची कीर्ती पसरली. आमच्याशी सामना असला की समोरचे लोक आधी दवाखान्याचा पत्ता विचारून ठेवायचे.

मग हा पोट्टा आला, जो पुढे कॅप्टन झाला. त्याच्या घरची गावाबाहेर भाजीची वाडी. आई राजापेठेत बसते, वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन. मी तिचं रोजचं गिऱ्हाईक. पोट्टा उंच, बोलायला कमी. वाफ्यांच्या मधून लहानपणापासून पळालेला, त्यामुळे पाय कुठे ठेवायचा हे त्याला न पाहता कळायचं. आणि त्याची एक खोड होती: तो खाली पडायचाच नाही. फॉरवर्ड येतोय, येतोय, हा उभाच. मी ओरडतोय, “काप त्याले! काप!” हा उभाच. आणि शेवटच्या क्षणी पायाचं टोक पुढे करून, ताटातला केस काढावा इतक्या हळू, बॉल काढून घ्यायचा. फॉरवर्ड दोन पावलं बॉलशिवाय पळून मग मागे वळून पाहायचा.

मला हे अजिबात सहन होत नसे. स्टॉपरनं असं खेळणं म्हणजे खाटकानं शिवणकाम करणं. मी त्याला पऱ्हाटीनं सगळ्यात जास्त मारलं. तो पाय हलवायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच खेळायचा.

एकदा भाजी घेताना त्याच्या आईनं मला वांग्यांच्या ढिगाआडून विचारलं, “सर, माहा पोट्टा तुमच्याकडं फुटबॉल शिकाले येते, का मार खाले?”

“दोन्ही एकच असते माय.”

“मंग तुमीबी चांगले खेळाडू असान,” ती म्हणाली आणि तिनं मला किडकी वांगी तोलून दिली. मी घरी जाऊन चिरेपर्यंत मला ते कळलं नाही.

त्या वर्षी नागपूरच्या एका खात्याच्या संघाचा निवड करणारा माणूस अकोल्याच्या फायनलला येणार होता. त्याला एक स्टॉपर हवा होता. एकच जागा. संघात घेतलं की नोकरी, पक्की. कॅप्टनचं वय त्या नोकरीच्या वयोमर्यादेशी आलेलं. यंदा आणि फार तर पुढच्या वर्षी. निवडवाल्यानं मला फोनवर सांगितलं, “तुमच्या पोराबद्दल ऐकलं आहे. पण तुमच्याबद्दलही ऐकलं आहे. मला खेळाडू पाहिजे, खाटीक नाही. लाल कार्ड दिसलं की मी उठून गाडीत बसतो.”

मी कॅप्टनला हे सांगितलं. तो म्हणाला, “सर, मी पाहून घेतो. तुमी फक्त बाकावर बसा.”

अकोल्याला जाताना आमच्या गाडीत त्याची आईही होती. पंगतीची वांगी तिच्याकडची, म्हणून ती भाजी करायला येत होती. मूर्तिजापूर गेलं तसं तिनं मागच्या सीटवरून माझ्या खांद्याला बोट टोचलं. “सर, आज तुमी काही करू नका.”

“म्हणजे कसं?”

“म्हंजे काहीच नका करू.”

माझ्या बायकोनं त्या दिवशी मला पॉलिश केलेले चामड्याचे बूट घालायला लावले होते. नागपूरचा माणूस येतो, चपलेवर काय जाता, म्हणाली. टणक टाचेचे, लग्नकार्याचे बूट. हेही लक्षात ठेवा.

सामना सुरू झाला आणि मला कळलं की माझा तो जुना फॉरवर्ड, म्हणजे अकोल्याचा कोच, माझ्याकडूनच सगळं शिकलाय. त्याची पोरं पहिल्या शिट्टीपासून तुटून पडली. आमच्या डाव्या बाजूच्या पोराची भुवई फाटली. पांढरी जर्सी छातीपर्यंत लाल झाली, त्यानं जर्सीनंच डोळा पुसला आणि परत पळाला. आमच्या एकानं त्यांच्या एकाचा घोटा तुडवला. तो लोळत असताना त्यांच्या दुसऱ्या एकानं आमच्या त्या पोराच्या तोंडावर धूळ मारली. रेफरी बिचारा कावळ्यांच्या भांडणात सापडलेल्या चिमणीसारखा इकडून तिकडे. पलीकडच्या बाकावरून माझा मित्र दोन दातांच्या खिडकीतून ओरडत होता, “काय गुरुजी, बरोबर शिकवलं ना?”

कॅप्टनच्या बरगडीत एक कोपर बसलं. मला दिसलं. माझ्या स्वतःच्या कोपराइतकंच ते माझ्या ओळखीचं होतं. कॅप्टन वाकला, थुंकला, थुंकीत रक्त होतं का पाहिलं आणि परत जागेवर गेला. मी उठलो. मागून कोणीतरी माझा शर्ट धरून मला खाली बसवलं. त्याची आई. ती बाकामागे जमिनीवर बसली होती.

“बसा.”

“माय, त्यानं—”

“त्याले लागलं. तुमाले नाही. बसा.”

मध्यंतरापूर्वी ढकलाढकलीत दोघांना सोडवायला गेला म्हणून कॅप्टनला पिवळं कार्ड मिळालं. आता अजून एक पिवळं म्हणजे लाल. मांडवाखाली खुर्चीत बसलेल्या निवडवाल्यानं एकदा घड्याळाकडे पाहिलं. मी एकदा त्याच्याकडे.

उत्तरार्धात आमचा एक गोल झाला. कसा झाला ते मी पाहिलं नाही, मी मांडवाकडे पाहत होतो. तो तिथेच होता, आणि त्याची नजर कॅप्टनवर होती. कॅप्टननं चार-पाच वेळा बॉल काढून घेतला, त्याच्या त्या केस काढल्यासारख्या पद्धतीनं, कोणाला हात न लावता. मांडवातल्या माणसानं बाजूच्याला काहीतरी सांगितलं आणि मान हलवली. मला वाटलं, झालं काम. आता फक्त वेळ संपू दे.

तेवढ्यात त्याची आई उठली. “भाजी लागून राहिली असन,” म्हणाली आणि कडुनिंबाकडे गेली.

म्हणजे आता माझा शर्ट धरायला कोणी नव्हतं.

आणि तेव्हाच अकोल्याचा फॉरवर्ड आमच्या बाजूच्या रेषेनं सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. पुढे फक्त कॅप्टन आणि गोलकीपर. माझ्या बाकापासून हाकेच्या अंतरावर सगळं चाललेलं. कॅप्टन तिरका धावत येत होता. मला त्याचं तोंड दिसलं, आणि त्या चेहऱ्यात मला मी दिसलो. मला वाटलं, हा आता कापणार. इतकी वर्षं मी पऱ्हाटीनं जे ठोकून बसवलं ते आता निघणार. हा दोन्ही पायांनी खाली जाणार, तो फॉरवर्ड उडणार, रेफरी खिशात हात घालणार, नागपूरवाला गाडीत बसणार.

मग मी विचार केला. म्हणजे त्याला विचार म्हणायचं तर म्हणा. कोणीतरी त्या फॉरवर्डला पाडणारच आहे, तर मी पाडतो. माझी कुठे ट्रायल आहे?

मी धावलो. त्या मोडक्या गुडघ्यानं मी एवढा कधी धावलो नव्हतो. रेषा ओलांडली, आणि चांगला पाय पुढे करून, टाच वर करून, पूर्वीसारखा जमिनीवरून घसरत गेलो. घसरताना मला, लाज वाटते सांगायला, फार बरं वाटलं.

पण कॅप्टन खाली गेलाच नव्हता. तो उभा राहिला होता, नेहमीसारखा, आणि पायाच्या टोकानं बॉल काढून घेऊन वळला होता. फॉरवर्डनं मला येताना पाहिलं आणि उडी मारून बाजूला झाला. जनावर अंगावर आलं तर कोणीही होतो. त्या मोकळ्या झालेल्या जागेतून माझा लग्नकार्याचा बूट सरळ कॅप्टनच्या नडगीवर जाऊन आदळला. मीच कापायला लावलेलं पॅड जिथे संपत होतं, बरोबर त्याच्या वर.

पऱ्हाटी मोडली.

तो बसला. ओरडला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, “सर, मी घेतला होता ना.”

पुढचं मोबाईलमध्ये नीट दिसत नाही, कारण मोबाईलवालाही त्यात सापडला. आमच्या पोरांना वाटलं अकोल्यानं कॅप्टनला पाडलं. ती अकोल्यावर धावली. अकोल्याची पोरं तयारच होती. कोणी कोणाची जर्सी डोक्यावर ओढून गुद्दे मारतोय, कोणी केस धरून फरपटतोय, एक प्लास्टिकची खुर्ची मांडवातून उडत आली आणि आमच्या गोलकीपरच्या पाठीवर फुटली. लोकांनी ढेकळं उचलली. मी कॅप्टनच्या अंगावर ओणवा पडलो होतो, त्याला तुडवू नये म्हणून. तर आमच्याच उजव्या बाजूच्या पोरानं मला अकोल्याचा समजून कमरेत लाथ घातली. चांगली लाथ होती. मीच शिकवलेली.

सगळ्यात मोठ्यानं रेफरीची शिट्टी वाजत राहिली आणि हळूहळू हात थांबले. त्या शांततेत कॅप्टनची आई भाजीची पळी घेऊन धावत आली.

“कोनं केलं?”

दोन्ही संघांची बोटं, रक्ताळलेली, मातीनं भरलेली, एकाच दिशेला वळली. आयुष्यात अमरावती आणि अकोल्याचं तेवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

तिनं मला पळीनं मारलं. खांद्यावर, पाठीवर, पुन्हा खांद्यावर. पळी गरम होती. तिचा हात थांबला तेव्हा माझ्या शर्टाला वांग्याचा रस्सा होता आणि ती पोराच्या डोक्याशी बसून त्याच्या तोंडावरची माती पदरानं पुसत होती.

रेफरीनं मला लाल कार्ड दाखवलं. मग तो जरा वेळ तसाच उभा राहिला, कारण अमरावतीच्या कोचनं अमरावतीच्या कॅप्टनला पाडल्यावर फ्री किक कोणाला द्यायची हे त्याच्या बापजन्मी उद्भवलं नव्हतं. मैदानात घुसलेला माणूस अमरावतीच्या बाकावरचा, म्हणून ती अकोल्याला मिळाली. त्या किकवर त्यांनी बरोबरी केली आणि पेनल्टीत सामना जिंकला. हे मी पाहिलं नाही. आम्ही तोवर दवाखान्याच्या वाटेवर होतो, अकोल्याच्या कोचच्या गाडीत. तो गाडी चालवत होता आणि त्याचे खांदे हलत होते. रडतोय वाटलं, म्हणून मी वाकून पाहिलं. हसत होता.

त्याआधी, कॅप्टनला उचलताना, निवडवाला जवळ आला होता. त्यानं कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवला. “बॉल तू स्वच्छ घेतला होतास. मी पाहिलं. मी तुला घेणारच होतो.” मग त्याच्या पायाकडे पाहत, “पण या मोसमाची जागा मला रिकामी ठेवता येत नाही. पुढच्या वर्षी ये. शेवटचं वर्ष आहे, पाय नीट जुळू दे.” आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आणि एकटा ये.”

प्लास्टर झालं. दिवस मावळताना आम्ही परत मैदानावर आलो. मला वाटलं होतं सरळ अमरावतीला निघू. पण अकोल्याच्या कोचनं गाडी कडुनिंबापाशी नेऊन उभी केली.

“रिवाज म्हंजे रिवाज,” तो म्हणाला. “लाल कार्ड कोनाले आहे?”

“यानं आमच्यातलं कोनाले मारलंच नाही,” त्यांचा तो फॉरवर्ड म्हणाला.

“मारलं त्याले वाढायचं. आपल्यातला का त्यांच्यातला, असं कुठं ठरलं होतं?” कोचनं रोडग्यांची टोपली माझ्या हातात दिली. “चाल पहिलवान. लई वर्षं झाले तुह्या हातचं खाल्लं नाही.”

पंगत बसली. कोणाची भुवई शिवलेली, कोणाचा ओठ टमाट्यासारखा, कोणाचा हात गळ्यात. कॅप्टनला खुर्चीवर बसवलं होतं, प्लास्टरचा पाय समोर दुसऱ्या खुर्चीवर, पत्रावळ मांडीवर. त्याची आई शेजारी जमिनीवर. मी त्याच्यासमोर वाकलो. रोडगा ठेवला, भाजी घातली, वरण वाढलं.

तो जेवू लागला. हा पोट्टा एरवी चिमणीएवढं खातो. त्यानं रोडगा संपवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा ठेवला. तो संपवला. मी वाकत होतो, माझा जुना गुडघा दर वेळी करकरत होता, पळीनं भाजलेला खांदा शर्टाला चिकटला होता. तिसरा रोडगा त्याच्या घशाखाली उतरेना, तरी तो चावत होता. हे मला माहीत होतं. मी स्वतः हे केलेलं होतं.

“सर,” तो घास तोंडात ठेवूनच म्हणाला, “मी उभा राहूनच घेतला होता.”

“पाहिलं मी.”

“मंग काहून आले?”

मी टोपली खाली ठेवली. पलीकडे अकोल्याचा कोच चावायचा थांबला होता.

“मले वाटलं तू माह्यासारखं करशील,” मी म्हणालो.

त्यानं ते ऐकलं. बोटानं पत्रावळीतला रस्सा गोळा केला.

“वरन वाढा,” म्हणाला.

मी वरणाचं भांडं आणायला वळलो. भांडं गरम होतं, काठोकाठ भरलेलं, खाली पत्रावळीच पत्रावळी. मी त्याच्यासमोर आलो आणि वाकू लागलो, तेवढ्यात त्याच्या आईनं शेजारून हात लांब केला आणि पोराच्या पत्रावळीवर आडवा धरला.

“बसा आता, सर,” ती म्हणाली. “तुमचा काही भरोसा नाही. याच्या दुसऱ्या पायावर सांडान.”